मंगळवार-शनिवारची गाडी

पिठाच्या स्टीलच्या डब्यावर ठेवलेला मोबाईल थरथरला आणि डब्याचं झाकण खणखणलं. दुपारचे अडीच वाजले होते. नीलाचा नुकताच डोळा लागला होता, घरात पंख्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. मी धावत जाऊन मोबाईल उचलला. नीलाने कूस बदलली, पाय भिंतीला लावले आणि परत झोपली.

मेसेज तानाजीभाऊंचा होता. ‘ताई, आपली गाडी स्क्रॅपला काढतोय. पंधरा वर्षं झाली, पासिंग संपलं. कागदावर नाव तुमचंच आहे, सही लागेल. शनिवारी कल्याणला या. चहा पाजतो.’

आपली गाडी, असं लिहिलं होतं त्यांनी. मी तिथेच ओट्याला टेकून खाली बसले.

गाडी विकून अडीच वर्षं झाली, तरी ती माझ्याच नावावर राहिली. यात निम्मी चूक तानाजीभाऊंची. विकताना मी सगळ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या, ते आरटीओत नेऊन नाव बदलून घ्यायचं काम त्यांचं. त्यांनी ते फॉर्म गादीखाली सारले असणार आणि विसरले असणार. पण उरलेली चूक माझी, आणि ती मी समजून-उमजून केली.

विकल्यावर तीन महिन्यांनी माझ्या मोबाईलवर चलान आलं, सिग्नलला पुढे गेल्याचं. तानाजीभाऊंना चांगलं झापायचं ठरवून मी लिंक उघडली आणि समोर फोटो आला. पत्रीपुलाजवळचा सिग्नल, आणि पांढऱ्या पट्ट्यांवर निम्मी चढून उभी असलेली माझी निळी गाडी. मागच्या बंपरची डावी बाजू मी एकदा नौपाड्यात खांबाला घासलेली. तो ओरखडा तसाच होता.

मी झापलं नाही. चलान त्यांना पाठवून दिलं, त्यांनी भरून टाकलं. नाव बदलून घ्या, हे तीन शब्द मी लिहिले आणि खोडले.

मग अधूनमधून चलानं येत राहिली. शीळफाटा, भिवंडी, मुरबाड रोड. एकदा तर पार नाशिक हायवेवरचं, कसाऱ्याच्या अलीकडचं. माझ्याबरोबर असताना ती कधी ठाण्याच्या पुढे गेली नव्हती. मी फोटो मोठा करून टायर बघायचे, काचा बघायचे. बरी दिसतेय, म्हणायचे. नवऱ्याने, प्रशांतने, एकदा मला पकडलं.

“लोकांना चलान आलं की त्यांचं डोकं फिरतं. तू हसतेयस?”

“हसत नाहीये.”

“माया, उद्या त्याने कोणाला ठोकलं तर पोलीस तुला शोधत येतील. नाव बदलायला सांग त्याला.”

“सांगते,” म्हटलं. सांगितलं नाही. प्रशांतने परत विचारलं नाही. मी काय बघते ते त्याला कळलं असावं.

ती माझी पहिली गाडी. सेकंडहँड, माझ्याआधी एका मालकाने वापरलेली. नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला होते, चार वर्षांच्या पगारातून साठवून घेतली. निळीच घ्यायची हा बाबांचा हट्ट. आमचे बाबा, जगन, एकतीस वर्षं ठाण्यात परिवहनची बस चालवायचे. आयुष्यभर पन्नास-साठ माणसं मागे घेऊन फिरलेला माणूस, आणि आमच्या ठाकुर्लीच्या खोलीत सायकलसुद्धा नव्हती.

गाडी आणली त्या दिवशी मला चालवता येत नव्हती, म्हणून स्टिअरिंगवर तेच. शीळफाटा सोडला आणि माझ्या लक्षात आलं, की दर बसस्टॉपला गाडी हळू होतेय.

“बाबा, थांबताय का?”

“थांबलो कुठे? स्लो केली.”

“पण का?”

“अगं, माणसं उभी आहेत.”

काटई नाक्याला तर एका आजींनी सरळ दाराला हात घातला. “मानपाडा जाते का?” बाबा मागे वळून मला म्हणाले, “सरक जरा आत.” आजींना मानपाड्याला सोडलं. उतरताना त्या सुटे पैसे काढायला लागल्या तर बाबा म्हणाले, “आज पहिला दिवस आहे मावशी, तिकीट माफ.” मी हसून हसून सीटवर आडवी झाले होते.

पुढे मला शिकवताना ते शेजारच्या सीटवर बसायचे आणि कंडक्टर व्हायचे. एकतीस वर्षं मागून घंटी ऐकली, आता मी देणार, म्हणायचे. डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केली की निघायचं, एकदा केली की थांबायचं. ओरडले कधीच नाहीत. कल्याण-शीळ रोडवर भर चढाला माझी गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा नुसता गोंगाट, मी रडकुंडीला आले. हे शांत. “वाजवू दे. त्यांच्याकडे हॉर्न आहे, आपल्याकडे गाडी आहे. मार सेल्फ.”

लग्नानंतर मी डोंबिवलीत आले. आमच्या बिल्डिंगला पार्किंग नाही, म्हणून गाडी रस्त्यापलीकडे मैदानाच्या भिंतीला लावायचो. नीला झाली, मी नोकरी सोडली आणि गाडी नुसती उभी राहायला लागली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शनिवारी चार वाजता बाबा ठाकुर्लीहून चालत यायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत फडकं आणि बॅटरीच्या पाण्याची बाटली. खालूनच हाक. “माया, चावी सोड!”

मी गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून चावी खाली सोडायचे. नीला गजांना धरून “बाबा बाबा” करायची. मग बोनेट उघडायचं, पाणी बघायचं, फडकं मारायचं, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. त्यानंतर वर येऊन हात धुवायचे आणि चहाला बसायचे ते सहा-साडेसहापर्यंत. नीलाला पोटावर बसवून बसच्या गोष्टी सांगायचे. दहा मिनिटांचं इंजिन आणि दोन तासांचा चहा. तेव्हा हा हिशोब माझ्या लक्षात आला नाही. मला वाटायचं, बाबा गाडीसाठी येतात.

मग मैदानाच्या भिंतीचं काम निघालं. गाडी रोज इकडून तिकडे हलवायची, कोणीतरी आरसा तोडला, कोणीतरी काचेवर चिठ्ठी चिकटवली. प्रशांत वैतागला. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. मी बाबांना विचारलं. ते पुढची काच पुसत होते.

“बाबा, विकून टाकू का?”

हात थांबला नाही. “वीक की. उभी गाडी म्हणजे दुखणं. चालवणाऱ्याला दे.”

मला किती हलकं वाटलं. रात्री प्रशांतला मी सांगितलंसुद्धा, “बाबांना काही वाटलं नाही रे.”

तानाजीभाऊ गाडी न्यायला आले तेव्हा बाबाही आले होते. कल्याणच्या मार्केटात कांदे-बटाट्याचा गाळा असलेला, पन्नाशीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. बाबांनी त्यांना अर्धा तास गाडी समजावली. “सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारला की लगेच गिअर टाकू नका. तिला जागी होऊ दे. दुसरा गिअर जरा मागतो, दाबू नका, पायाने विचारा.” तानाजीभाऊ हसत म्हणाले, “काका, गाडी देताय का पोरगी?” बाबापण हसले. गाडी गेल्यावर मी म्हटलं, चहा टाकते. तर म्हणाले, “आज नको. आईने लवकर बोलावलंय.”

पुढच्या मंगळवारी चार वाजता मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. सवयीने. मग स्वतःलाच हसले आणि आत आले.

बाबांचा एक नियम होता. कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, आणि मुलीच्या तर नाहीच. “मुलीच्या घरी रिकामा बसलेला बाप दुसऱ्या दिवशी जड होतो,” असं ते दुसऱ्यांबद्दल बोलताना म्हणायचे. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते. ऐकलेलं असूनही मला कळलं नाही.

मी फोन करायचे, “बाबा, या ना.” ते म्हणायचे, “येतो येतो. त्या बाजूला काम निघालं की येतो.” मला ते खरंच वाटायचं. निघेल काम, येतील. दरम्यान नीलाची नर्सरी सुरू झाली, तिचे ताप, तिचे डबे, माझे दिवस कसे जायचे मलाच कळायचं नाही.

एकदा मात्र ते आपणहून आले. आईने बोंबलाची चटणी केली होती, तिचा डबा घेऊन. दोन तास बसले, नीलाशी खेळले. आठवड्याने परत आले, या वेळी लाडू. मी बघितलं तर उन्हाने घामाघूम झालेले. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, “बाबा, कशाला एवढ्या उन्हात चालत येता डब्यासाठी? मी रविवारी येतेच आहे, तेव्हा नेईन ना.”

“बरं,” म्हणाले.

परत डबा आला नाही.

मी हे लिहिताना थांबतेय. नीला झोपेत काहीतरी बोलली. तिच्या अंगावर हात ठेवून आले.

ऑगस्टमधल्या एका सकाळी बाबा आंघोळीचं पाणी काढताना खाली बसले ते उठलेच नाहीत. गाडी विकून सात महिने झाले होते. त्या सात महिन्यांत ते आमच्याकडे चार वेळा आले. मी नंतर मोजलं. दोनदा डबा, एकदा नीलाला ताप आला तेव्हा औषध घेऊन, एकदा मी हाका मारमारून बोलावलं तेव्हा.

पुण्यानुमोदन झालं, माणसं पांगली. संध्याकाळी आईने कॉटखालून ती कापडी पिशवी काढली. फडकं धुऊन, घडी घालून ठेवलेलं.

“हे काय करू गं? दर मंगळवारी धुवायचे.”

“गाडी गेल्यावरपण?”

“हो ना. पिशवी भरून ठेवायचे आणि दारात बसायचे. मी म्हणायची, अहो, जा की पोरीकडे, दोन ठेसनं पण नाही लांब. तर म्हणायचे, शकू, काय सांगून जाऊ?”

काय सांगून जाऊ. माझ्या बाबांना माझ्या घरी यायला कारण लागत होतं, आणि ते कारण मी एका कांदेवाल्याला विकलं होतं. वर स्वतःच्या तोंडाने डबाही बंद केला होता. त्रास नको म्हणून.

म्हणून मी नाव बदलून घेत नव्हते. कुठेतरी एक गाडी फिरत होती, तिच्या कागदावर माझं नाव होतं आणि तिच्या सीटवर बाबा बसलेले होते. एवढं तरी रस्त्यावर राहू दे, असं वाटायचं. आता सही केली की तेही जाणार होतं.

शनिवारी नीलाला आईकडे ठाकुर्लीला सोडलं आणि रिक्षाने कल्याणला गेले. मनात मी ठरवून ठेवलं होतं. विचारून बघायचं. प्रशांतला सांगितलं नव्हतं.

तानाजीभाऊ गाळ्याबाहेरच उभे होते. “या या ताई! काकांचं ऐकलं मी, फार वाईट झालं. लई देवमाणूस.” त्यांनी चहा मागवला, स्टूल पुसून दिलं. गाडी गाळ्याच्या मागे होती. मागची सीट काढून टाकलेली, तिथे क्रेट रचलेले. निळा रंग छतावर पांढुरका झाला होता. बंपरचा ओरखडा आता नव्या ओरखड्यांत शोधावा लागत होता.

“लई इमानदार गाडी, ताई. अर्ध्या रस्त्यात कधी सोडलं नाही हिने. काका म्हणाले तसं, सकाळी जागी होऊ देतो मी तिला. अजूनपण.”

“भाऊ,” मी म्हटलं, “मी परत घेतली तर?”

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले.

“इकडे या,” म्हणाले. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, पायाखालची रबराची चटई उचलली. खाली पत्रा नव्हताच. गंजलेल्या कडा, आणि मधून जमिनीवरची कांद्याची सालं दिसत होती.

“ब्रेक मारायला गेलात तर पाय डायरेक्ट रोडला लागेल. माझीच बायको बसत नाही आता. कशाला जिवाशी खेळ? घरी लहान पोर आहे तुमच्या.”

मी मान हलवली.

“एक विचारू का ताई? मी नाव बदललं नाही, माझी चूक. पण तुम्हीपण कधी बोलल्या नाहीत. दुसरं कोणी असतं तर शिव्या घातल्या असत्या. मी घरी म्हणायचो, ही बाई एकतर लई चांगली आहे, नाहीतर लई विसरभोळी.”

“विसरभोळी,” मी म्हटलं.

मग मी त्यांना विचारलं, पाच मिनिटं बसू का. ते समजल्यासारखे गाळ्यात निघून गेले. मी बाबांच्या सीटवर बसले. त्या बाजूला मी कधी बसलेच नव्हते. गाडी चालवायला यायला लागली तशी ती कायम मीच चालवली. काच खाली होत नव्हती. आत कांद्याचा आणि ओल्या गोणपाटाचा वास होता, बाबांचं तिथे काही राहिलं नव्हतं. मी वाट बघितली तरी. डॅशबोर्डवर हात ठेवला, वाजवला नाही. कोणासाठी वाजवणार, स्टिअरिंगवर कोणी नव्हतं.

सही केली. तीन ठिकाणी. माया प्रशांत कांबळे. दुसरी जरा वाकडी आली.

निघताना तानाजीभाऊ म्हणाले, “माझ्या वेळची सगळी चलानं मी भरली, ताई. एक जुनं दाखवतंय, तुमच्या वेळचं. सीट बेल्टचं. ते तेवढं तुम्ही क्लिअर करा, मग गाडी पुढे जाईल.”

“माझं? मी तर बेल्ट कायम लावायचे.”

“आता तुम्हीच बघा बाबा,” म्हणाले आणि हात जोडले.

ठाकुर्लीला आले तर आई खालच्या नळावर गेली होती. नीला जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली बाबांचा फोटो आहे. परिवहनच्या ओळखपत्रावरचा, मोठा करून घेतलेला. त्यात ते अगदी ताठ आणि कडक आहेत, साहेबासमोर उभं राहिल्यासारखे. बाबांचा दुसरा धड फोटो आमच्याकडे नाही. फोटो काढायची वेळ आली की मोबाईल घेऊन तेच समोर जायचे, “तुम्ही उभे राहा, मी काढतो.” त्या गाडीतला तर एकही नाही. हे मी दोन वर्षांत किती वेळा शोधून बघितलं होतं.

मी कॉटवर बसून गाडीचा नंबर टाकला. एकच चलान. १३ मार्च २०१९, सकाळी ११.४२, ठाणे. गुन्हा, शेजारी बसलेल्याने सीट बेल्ट न लावणे. त्या काळात असले मेसेज मी न बघताच पुसून टाकायचे.

फोटो उघडला.

समोरून घेतलेला. स्वच्छ ऊन. स्टिअरिंगवर मी, केस बांधलेले, डोळे रस्त्यावर, तोंड उघडं, काहीतरी बोलताना. आणि शेजारी बाबा. बेल्ट नाही. पाठ दाराला टेकलेली, रस्त्याकडे पूर्ण पाठ फिरवल्यासारखे माझ्याकडे वळलेले, आणि हसतायत. थोडं नाही. डोळे मिटलेले, वरच्या पडलेल्या दाताची फट दिसतेय, एक हात पोटावर.

मी कॅलेंडर काढून बघितलं. तो दिवस बुधवार होता. बुधवारी अकरा-बेचाळीसला मी दवाखान्यात असायला हवी होते. मी रजा काढली होती का? कुठे निघालो होतो आम्ही? मी डोळे मिटून आठवत राहिले, मार्च, एकोणीस, नीला व्हायच्या आधीचं वर्ष, रजा, दवाखाना, एखादं लग्न, एखादं काम. काही नाही. तो दिवस माझ्याकडे नव्हताच. एवढं हसलेला माणूस, आणि माझ्या लक्षातसुद्धा नाही.

आई बादली घेऊन वर आली. मी तिला दाखवलं. तिने ओल्या हाताने मोबाईल धरला आणि डोळ्यांजवळ नेला.

“कुठे चाललेलो गं आम्ही, आठवतं?”

“मला कुठे सांगून जायचात तुम्ही दोघं,” ती म्हणाली. पदर तोंडाला लावला आणि परत बाहेर गेली. बादली तिने दारातच ठेवली होती.

नीला रंगीत खडू टाकून माझ्या मांडीवर चढली. मोबाईल तिने स्वतःकडे ओढला.

“ही तू?”

“हो.”

“ही आपली गाडी? आपल्याकडे गाडी होती?”

“होती.”

“आणि हे काका कोण?”

“आजोबा आहेत ते, नीलू.”

तिने भिंतीकडे बघितलं. मग परत मोबाईलकडे. मग परत भिंतीकडे.

“नाही. आजोबा असे नसतात.”

“तेच आहेत बाळा.”

“आजोबा हसायचे?”

“खूप.”

ती बोटाने फोटो मोठा करायला लागली. आधी बाबांचं तोंड मोठं केलं, इतकं की नुसते ठिपके दिसायला लागले. मग तो सरकवत सरकवत माझ्या तोंडापाशी आणला. माझ्या उघड्या ओठांवर बोट ठेवलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“आई, तू काय सांगत होतीस त्यांना?”